घरचा हिशेब : जुन्या कॉम्प्युटरात नवे ग्राफिक्स कार्ड



मिरजेच्या एका भगिनींचे चार पानी पत्र आमच्यापुढे आहे. त्यांची मुलगी इंटिरियर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात एक डेस्कटॉप आहे. पुण्यातल्या एका कंपनीने काढून टाकलेल्या मालातून तिच्या मामूंनी तो आणून दिला होता. आतापर्यंत त्यावर टायपिंग, कॉलेजचे फॉर्म, धाकट्यांचे तजवीदचे ऑनलाइन क्लास असे सगळे चालले. या वर्षी थ्री-डीचा विषय सुरू झाला आणि ब्लेंडर नावाचा प्रोग्राम त्या मशीनवर उघडायलाच तयार नाही. कॉलेजात सांगितले, ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घ्या. दुकानात किंमत निघाली ऐंशी हजारांच्या पुढे. दुकानदार म्हणाला, बिनव्याजी हप्ते करून देतो. मुलीच्या अब्बांना हप्ता नको आहे आणि मुलीचे वर्षही वाया जायला नको आहे. धाकटा भाऊ म्हणतो, याच डब्यात मोठे कार्ड टाकू, माझे गेमही चालतील. यातले काय करावे, असे भगिनींनी विचारले आहे.

पत्रात त्यांनी डब्यावरचे नाव आणि आतल्या स्टिकरांवरचे आकडे नीट उतरवून पाठवले, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार. ‘आमचा कॉम्प्युटर जुना आहे, कार्ड बसेल का’ एवढ्याच एका ओळीवर आम्ही काहीच सांगू शकत नाही. मशीन आहे डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०१०, उभा मोठा डबा. प्रोसेसर इंटेल कोअर आय-फाइव्ह ३४७०, म्हणजे २०१२ सालचा. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी, विंडोज १०, पॉवर सप्लाय २७५ वॅट. अशी ऑफिसांतून निघालेली मशीन आपल्या पुष्कळ घरांत आहेत, म्हणून उत्तर खासगी न पाठवता इथे छापत आहोत.

आधी हप्त्याचे बोलू, कारण घरातली खरी ओढाताण तिथे आहे. दुकानातली ‘नो कॉस्ट’ पाटी वाचून बऱ्याच जणांना वाटते की व्याज नाही, मग अडचण काय? रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो. व्याज प्रोसेसिंग फीच्या किंवा दुसऱ्या कशाच्या नावाखाली ग्राहकाकडूनच वसूल होते. आजच्या बहुतेक ‘नो कॉस्ट’ योजनांत बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत दाखवते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या कार्डाच्या बिलात येतो. बिल उघडून पाहा, व्याजाचा रकाना दिसेल. एक हप्ता चुकला तर पुढचे वेगळेच. हा व्यवहार दीनच्या दृष्टीने कुठे बसतो, हे आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना बिल दाखवून विचारावे. फतवा देणे हे आमचे काम नाही. हिशेबाच्या बाजूने मात्र आम्ही सांगू की मुलीच्या अब्बांना जी शंका आली ती रास्त आहे, आणि त्यांना ‘जुन्या विचारांचे’ म्हणण्याचे कारण नाही.

आता मशीनकडे वळू. ब्लेंडर का उघडत नाही? घरात सगळ्यांनी धरून चालले आहे की कॉम्प्युटर मंद झाला म्हणून. तसे नाही. या मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, चित्र काढण्याचे काम प्रोसेसरच्या पोटातलाच एक छोटा भाग करतो. त्याचे नाव इंटेल एचडी २५००. थ्री-डी प्रोग्राम आणि चित्र काढणारा भाग ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात, तिला ओपनजीएल म्हणतात. एचडी २५०० ला ती ४.० पर्यंत येते. ब्लेंडरने नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून किमान ४.३ ची अट घातली. त्यामुळे रॅम कितीही वाढवली, विंडोज दहा वेळा टाकली, तरी या मशीनवर नवे ब्लेंडर चालणार नाही. दुकानात नेले असते तर ‘फॉरमॅट मारू’ म्हणून पाचशे रुपये गेले असते, आणि घरी आल्यावर तोच संदेश पुन्हा दिसला असता.

यातून एक गोष्ट आज रात्रीच, एक पैसा न खर्चता करता येते. ब्लेंडरची ३.६ ही जुनी आवृत्ती संस्थेच्या स्वतःच्या साइटवर अजून फुकट मिळते आणि तिला ओपनजीएल ३.३ पुरते. ती या मशीनवर उघडेल. हळू चालेल, आणि कॉलेजच्या नव्या आवृत्तीत केलेली फाइल तिच्यात उघडली तर काही गोष्टी गळतील, पण मुलीचा हात थांबणार नाही. चार-सहा आठवडे तिचा सराव यावर चालू द्यावा. तोवर पुढचे शांतपणे ठरवता येते. घाईत घेतलेली यंत्रे घरात किती पडून असतात, हे प्रत्येकाने आपल्या माळ्यावर चढून पाहावे.

कार्डाआधी दोन गोष्टी बदलाव्या लागतील, आणि याबाबत आम्ही जरा आग्रही आहोत. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क तशीच ठेवून कार्ड टाकले, तर ब्लेंडर उघडेल आणि पाच मिनिटांनी सगळे गोठेल. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचे आलेख असतात. मुलगी काम करत असताना कोणता आलेख वर जाऊन चिकटतो ते पाहा. आमचा अंदाज, मेमरी आणि डिस्क दोन्ही. रॅम १६ जीबी करावी. या मशीनला डीडीआर-३ जातीची लागते. ती आता नव्याने फारशी कोणी घेत नाही, त्यामुळे जुन्या मालाच्या दुकानात स्वस्त मिळते. ७०१० च्या उभ्या डब्यात रॅमच्या चार खाचा आहेत, तेव्हा आहे ती न काढताही भर घालता येते. फक्त पट्ट्या जोडीने, सारख्या घ्याव्यात. हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी. एवढे केले तरी घरातले इतर सगळे हे मशीन नवे समजतील. काही घरांचा प्रश्न इथेच संपतो. ज्यांच्या मुलांना ऑटोकॅडमध्ये साधे सपाट नकाशेच काढायचे आहेत, त्यांनी या दोन गोष्टी करून पाहाव्यात आणि कार्डाचा विचार महिनाभर पुढे ढकलावा.

आता कार्ड. धाकट्या भावाने आरएक्स ५८० चे नाव घेतले आहे. जुन्या बाजारात ते कमी पैशांत मिळते आणि गेमला दणकट आहे, हे खरे. पण या घरासाठी ते दोन कारणांनी बाद आहे. पहिले कारण विजेचे. कार्ड ज्या खाचेत बसते ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकते. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी सहा किंवा आठ पिनांची वायर लागते. आरएक्स ५८० सुमारे १८५ वॅट खाते. तुमच्या २७५ वॅटच्या पॉवर सप्लायला तशी वायरच नाही. बाजारात एक छोटी जोडवायर मिळते, हार्ड डिस्कच्या वायरीतून कार्डाला वीज देणारी. ती कृपा करून घेऊ नका. हार्ड डिस्कच्या कनेक्टरची बारा व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट एवढीच ताकद असते. तिच्यावर कार्ड लावले की प्लास्टिक वितळते, आणि मशीन रात्री रेंडरला लावून सगळे झोपलेले असताना वितळते. दुसरे कारण मुलीच्या कामाचे आहे. ब्लेंडरमध्ये अंतिम चित्र काढणारा जो सायकल्स नावाचा भाग आहे, तो डिसेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून आरएक्स ५८० च्या पिढीची कार्डे वापरतच नाही. म्हणजे कार्ड असेल, पण बहिणीचे रेंडर प्रोसेसरवरच रखडेल आणि भावाचा गेम मात्र झकास चालेल. आम्हाला मुलाच्या गेमशी भांडण नाही, सुट्टीत तासभर खेळावा. पण कार्ड कोणासाठी येते आहे हे घरात आधी ठरावे.

या डब्यात बसेल असे कार्ड म्हणजे ७५ वॅटच्या आतले, ज्याला वेगळी वायर लागत नाही. अशी थोडीच आहेत, आणि त्यांच्यातही सापळे आहेत.

जीटी ७१० दुकानदार पहिल्यांदा काढून दाखवतात, कारण ते नवे, डबाबंद आणि स्वस्त मिळते. ते २०१४ चे आहे, आणि एनव्हिडियाने त्याच्या पिढीचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबवले. ते दोन-तीन मॉनिटर जोडायला ठीक, शिकायला नाही. जीटी १०३० थोडे बरे, पण त्याच नावाखाली दोन माल विकले जातात. २०१७ चा जीडीडीआर-५ मेमरीचा आणि २०१८ चा डीडीआर-४ मेमरीचा. दुसऱ्यात मेमरीचा वेग पहिल्याच्या साधारण तिसरा हिस्सा. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. चष्मा लावून वाचावे. शिवाय दोन्हींत मेमरी २ जीबीच, आणि इंटिरियरच्या एका खोलीत लाकडाचे, कापडाचे, फरशीचे फोटो भरले की २ जीबी कुठल्या कुठे जाते.

जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ चे कार्ड, ४ जीबी, ७५ वॅट. जुन्या बाजारात भरपूर आहे. चांगले कार्ड होते, पण एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्याच्या पिढीला फक्त सुरक्षेपुरते ड्रायव्हर, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. आज पैसे घालताना एक पाऊल पुढचे घ्यावे : जीटीएक्स १६५०, २०१९ चे, ४ जीबी, तेवढेच ७५ वॅट. यातल्या काही मॉडेलांना कंपन्यांनी सहा पिनांची जादा वायर लावली आहे, ती टाळायची. कार्डाच्या वरच्या कडेला वायरीची जागा नाही ना, एवढे पाहून घ्यावे. नवेच हवे असेल तर आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीवाले, जे २०२४ मध्ये आले आणि ७० वॅटवर चालते. इथेही नावाचा घोळ आहे. ८ जीबीवाले ३०५० हे वेगळे, १३० वॅटचे आणि जादा वायर मागणारे कार्ड आहे. ‘दोन जीबी जास्त मिळतात’ म्हणून ते घेऊन येऊ नका.

आरएक्स ६४०० कमी वीज खाते म्हणून नाव घेतले जाते. पण ते खाचेच्या सोळा वाटांपैकी चारच वापरते. नव्या मदरबोर्डवर ते खपते, या जुन्या बोर्डावर वाट अरुंद पडते. इंटेलचे आर्क ए-३८० तर अशा मशीनवर घेऊच नये. त्याला रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डात लागते आणि २०१२ च्या या बोर्डात ती नाही.

आमचे मत विचाराल तर या घराने जुने पण तपासलेले जीटीएक्स १६५० घ्यावे. नव्या ३०५० ला जे जास्तीचे पैसे पडतील ते या प्रोसेसरवर पूर्ण वसूल होणार नाहीत. चार कोरांचा हा आय-फाइव्ह एका मर्यादेनंतर कार्डाला काम पुरवूच शकत नाही. भाव रोज हलतात, रॅम आणि एसएसडीचे तर फारच, पण कच्चा अंदाज असा की रॅम, एसएसडी आणि जुने १६५० मिळून पंधरा हजारांच्या आत बसावे. ऐंशी हजारांसमोर हा आकडा ठेवून पाहा. एवढी रक्कम भिशीतून, घरच्या बचतीतून किंवा मोहल्ल्यातल्या बैतुलमालातून कर्ज-ए-हसना घेऊन उभी राहू शकते.

ज्यांचा डबा आडवा, चपटा आहे त्यांच्यासाठी एक ओळ. त्यात पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही, ‘लो प्रोफाइल’ म्हणून बुटके कार्ड मागावे आणि त्यासोबत बुटकी पट्टी आली आहे ना ते पाहावे. आणि ज्यांचे मशीन ऑप्टिप्लेक्स ७०२० किंवा ९०२० आहे त्यांनी पॉवर सप्लाय बदलायचा विचार करताना थांबावे. त्यांची मुख्य वायर आठ पिनांची आहे, बाजारातला साधा पॉवर सप्लाय थेट लागत नाही. ७०१० च्या उभ्या डब्यात तो लागतो.

जुने कार्ड घेताना काय पाहावे? मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, चांगले आणि वाईट दोन्ही माल शेजारी शेजारी ठेवलेले असतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि जी कार्डे दिवसरात्र त्या चलनाच्या ‘खाणकामात’ जुंपलेली होती ती एकदम बेकार झाली. त्यातली पुष्कळ पुसून-झटकून बाजारात आली. असे कार्ड नेहमी वाईटच असते असे नाही, पण पंखे झिजलेले असतात. पंखा बोटाने हळू फिरवून पाहावा. खरखर लागली, डुगडुगला, तर नको. दुसरी फसवणूक जास्त वाईट : २०१० च्या जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डावर खोटे सॉफ्टवेअर चढवून ते १०५० टीआय म्हणून विकतात. विंडोजही तेच खोटे नाव दाखवते. जीपीयू-झेड नावाचा छोटा मोफत प्रोग्राम २०१८ पासून असे कार्ड ओळखून नावापुढे ‘फेक’ लिहितो. तो पेनड्राइव्हवर घेऊन जावे, दुकानातल्याच मशीनवर कार्ड लावून दाखवायला सांगावे आणि वीस मिनिटे ब्लेंडर किंवा एखादा गेम चालू ठेवावा. चित्रात रंगीत चौकोन, रेघा आल्या किंवा मशीन बंद पडले तर सलाम करून निघावे. दुकानदार ‘एवढा वेळ नाही’ म्हणाला तरी तेच करावे.

प्रेषित मुहम्मद (स.) मदिन्याच्या बाजारात धान्याच्या एका ढिगात हात घालून पाहतात, आत ओल लागते, आणि विक्रेत्याला विचारतात की ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. जुने कार्ड विकणारा आपल्यातलाच असेल, आणि मिरज-सांगलीपासून मुंब्र्यापर्यंत या धंद्यात आपली मुले बरीच आहेत, तर त्याने ‘हे खाणकामातले आहे’ हे आपणहून सांगणे हे ओले धान्य वर ठेवणेच आहे. आणि घेणाऱ्याने परत करण्याची मुदत बोलून घ्यावी. फिकहमध्ये याला खियार म्हणतात. कोकणातले शाफई असोत की देशावरचे हनफी, तीन दिवसांची अट घालून व्यवहार करण्याची मुभा दोन्हीकडे आहे. पावतीवर ‘तीन दिवसांत परत’ एवढे तीन शब्द आणि कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. ओळखीच्या दुकानातसुद्धा. पावती मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही.

बसवायचे काम अवघड नाही आणि आम्ही सुचवू की स्क्रूड्रायव्हर मुलीच्या हातात द्यावा, भावाने टॉर्च धरावी. ज्या यंत्रावर तिचे शिक्षण उभे आहे त्याच्या आत काय आहे हे तिने एकदा पाहिलेले बरे. आधी बायोस नव्यात नव्या आवृत्तीवर आणावा. डेलच्या साइटवर तो मिळतो. त्या कामात वीज जाता कामा नये, म्हणून यूपीएसवर आणि पाऊस नसताना. मग मशीन बंद, वायर भिंतीतून काढून, बंद मशीनचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवावे म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डबा गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने धूळ काढावी. ब्लोअर मारलात तर पंखा बोटाने धरून. डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच कार्ड उचलावे, आणि सोनेरी कडेला बोट लावू नये. प्रोसेसरच्या जवळची लांब खाच, तिच्या समोरची पत्र्याची पट्टी काढायची, कार्ड सरळ दाबायचे, टक् आवाज आला की स्क्रू.

यानंतर हमखास एक गोंधळ होतो. मशीन चालू होते, पंखा फिरतो, मॉनिटर काळा. घाबरू नये. मॉनिटरची वायर अजून जुन्या जागी, मदरबोर्डवर आहे. ती आता कार्डाला लावायची. पण तुमचा मॉनिटर व्हीजीएवाला, निळ्या तोंडाचा आहे आणि नव्या कार्डांना ते तोंडच नाही. एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर, आत छोटे सर्किट असलेला, काही शे रुपयांत मिळतो. कार्ड घेतानाच तो घ्यावा, नाहीतर रविवारी दुकान बंद आणि घरात काळा पडदा. डीव्हीआयच्या तोंडात बसणारा साधा जोड चालणार नाही, कारण ही कार्डे त्यातून जुन्या पद्धतीचा सिग्नल देत नाहीत. ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरूनच घ्यावा. ‘तुमचे ड्रायव्हर जुने झाले’ म्हणत पडद्यावर उड्या मारणाऱ्या जाहिरातींवर बोट ठेवू नये.

यूपीएसचे विचारले आहे. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटचा. ७७ वॅटचा प्रोसेसर, ७५ वॅटचे कार्ड, मॉनिटर आणि बाकी मिळून त्याला हे जड नाही. बॅटरी तीन वर्षांपूर्वीची असेल तर मात्र ती आधी बदला.

एक कमकुवत बाजू लपवून ठेवणे बरे नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा तिसऱ्या पिढीचा आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देण्याची सोय ठेवली. त्यापुढे ब्लेंडर लिनक्स मिंटवर व्यवस्थित चालते, दोन्ही फुकट आहेत; पण ऑटोकॅड आणि स्केचअप तिथे चालत नाहीत, आणि इंटिरियरवाल्यांना ती लागतात. मधला मार्ग असा की हे मशीन अभ्यासाचे ठेवावे आणि बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. आणखी एक, कॉलेजात रोज वर्गात लॅपटॉप उघडून बसावे लागते का, की लॅबची मशीन मिळतात, हे मुलीने सरांना आधी विचारावे. रोज न्यावेच लागत असेल तर आमचे हे सारे उत्तर बदलते. मग कंपन्यांतून निघालेला वापरलेला लॅपटॉप रोखीने घेणे आणि जड रेंडर घरच्या डेस्कटॉपवर करणे, असे दोन वाटे करावे लागतील. मोकळे सांगायचे तर हे मशीन कोर्सची उरलेली वर्षे काढून देईल, पुढच्या नोकरीचे ओझे त्याच्यावर टाकू नये.

कामातून एक वस्तू उरेल, जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क. ती भंगारवाल्याला देऊ नका. डिलीट केलेले फोटो तिच्यात तसेच असतात आणि सोप्या प्रोग्रामने परत निघतात. घरच्या लग्नांचे, आया-बहिणींचे फोटो, आधारच्या प्रती, सगळे. दोन-तीनशे रुपयांचा यूएसबीचा डबा मिळतो, त्यात ती घालून मुलीच्या कामाची दुसरी प्रत ठेवायला वापरा. कधी खरोखर बिघडली, तर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असा माल परत घेऊन त्याची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. भंगारात गेलेले बोर्ड फिरत फिरत दिल्लीच्या सीलमपूरला किंवा मुरादाबादला पोचतात. तिथे तांबे आणि सोने काढायला ते जाळले जातात, आम्लात बुडवले जातात, आणि त्या धुरात बसून काम करणाऱ्यांत आपल्याच गरीब घरांतली माणसे, मुलेसुद्धा आहेत.